पैनगंगेच्या अलीकडचा

"पैले तेलुगू ठीक से सीख, फिर सवाल पूछ."

उटनूरच्या पत्रकार परिषदेत आमदार माह्याकडं पाहून असं म्हनला, आन बाकीचे पत्रकार हसले. मी प्रश्न तेलुगूतच विचारला होता. जंगलखात्यानं कोलाम आदिवासीयच्या उभ्या जवारीत खंदक काऊन खंदला, एवढाच. त्यानं माह्या उच्चाराची नक्कल केली. मंग बोट दाखवलं. "ये मराठीवाला है. इसकू पैनगंगा के उस पार छोड़ को आओ."

माहा आजा बाजारहत्नूरच्या शिवारात सालदार होता. बाप इथंच मेला. वेगळ्या राज्यासाठी मी रस्त्यावर बसलो. पोलिसायनं हात मोडला, तो अजून सरळ होत नाई. तवा हाच आमदार राज्याच्या विरोधात होता. आमाले गुंड म्हने. राज्य झालं, तो गुलाल लावून इकडं आला. मी परका झालो.

त्या परिषदेत त्याच्या मानसानं माह्या हातातला माइक मागितला. मी देऊन टाकला. तेच जास्त लागते.

बातमी पाठवली. छापली नाई. संपादकाचा फोन आला, "उद्यापासून आमच्या पेपरचं नाव सांगत फिरू नको." बायको शाळेत मास्तरीन. तिची बदली पार जंगलातल्या गावी झाली. ती म्हनली, "तुमी विचारलं ते बरोबरच होतं. पन आता लेकीले कोन पाह्यल?"

मंग मी विरोधी पार्टीकडून मंडलाच्या, म्हंजे इकडच्या पंचायत समितीच्या, निवडनुकीत उभा राह्यलो. पडलो. आमच्या बुद्धवाड्यानंही मतं देली नाई. शेजारचा किसनकाका मान खाली घालून म्हनला, "बाबू, तू खरा हायस. पन म्हातारीची पेन्शन तोडली त खाऊ काय?" त्याच्यावर कसा रागावू?

त्या कोलाम वस्तीवर गेलो. तिथल्या भीमबाईची जवार खंदकाच्या मातीखाली सडून गेली होती. तिनं विचारलं, "लिवलं का?"

"लिवलं. छापलं नाई."

"मंग आमी इथं होतो, हे कोनाले मालूम होईन?"

मी फोन काढला आन शेताचा फोटो घेतला.

आता पेपर नाई. मी फोनवर लिवतो, मराठीत आन तेलुगूत, तिच्या शेताचा फोटो लावून. त्यापाई माह्यावर केस झाली हाय. मागं कोनी उभं नाई. पुढच्या निवडनुकीत मी अर्ज भरनार हाय. पडीन. त्याच्या पुढच्याही निवडनुकीत भरीन.