रागाच्या तक्त्यावरची सही

हे लिहायचं मी चार वर्षं टाळत आलो. मुलीला वाटतं, तिच्या आईनं डॉक्टरांना फसवलं. ते खरं नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझा राग सगळा घरात आला. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट भिंतीवर जायचं. बदनापूरला दिलेल्या मुलीनं हट्ट धरला, तेव्हा आम्ही दोघं परतूरहून दर आठवड्याला रेल्वेनं जालन्याच्या एका दवाखान्यात जाऊ लागलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्लॅस्टिकचा मेंदू उघडून दाखवला. आत बदामाएवढा एक भाग, तो धोका वाटला की पेटतो. कपाळामागचा भाग त्याला आवरतो. हे आवरणं सरावानं शिकता येतं, त्याला न्यूरोफीडबॅक म्हणतात, असं सांगून त्यांनी माझ्या डोक्याला तारा चिकटवल्या.

"शॉक देता का हो?" बायकोनं विचारलं.

"नाही आजी. डोक्यात काय चाललंय ते फक्त पडद्यावर दिसतं."

"ते मला बिगर मशीनचं दिसतं."

बाई हसल्या. मी हसलो नाही.

पडद्यावर एक होडी होती. मन निवलं की पुढं सरकायची, नाहीतर जागीच डुलायची. शिवाय घरी एक तक्ता दिला होता. मी दिवसातून किती वेळा भडकलो ते बायकोनं रोज लिहायचं, खाली सही करायची. महिनाअखेरीस तो पाहून पुढचा सराव ठरणार होता.

तिला लिहायला वेळ लागतो, असं म्हणून तक्ता मी माझ्याकडं घेतला. शाळेत तपासणी लागली की महिन्याभराचं पाठांचं टाचण आम्ही शिक्षक एका बैठकीत, सुवाच्य अक्षरात पूर्ण करायचो. हाही तसाच भरला. आधी तीन, मग दोन, मग एक, शेवटचे पंधरा दिवस शून्य.

"काल तांब्या फेकला न्हवं तुम्ही? मंग हे शून्य कुणाचं?"

"सही कर. गाडी चुकंल."

तिनं सही केली. बाईंनी तक्ता पाहून शाबासकी दिली आणि सराव थांबवला.

महिन्याभरातच मुलीकडं गेलो असताना, चहा गार झाला म्हणून मी कपबशी बायकोच्या अंगावर भिरकावली. मुलीनं दवाखान्यात फोन लावला. तक्त्यात शून्य आणि खाली आईची सही, हे तिला तिथून कळलं.

"आई, खोटं लिहून दिलंस? तुझ्यामुळं बाबांचा इलाज बंद पडला."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी फरशीवरचे तुकडे गोळा करत होतो. मान वर केली नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

तेव्हापासून ती मुलीकडंच राहते. मी पुन्हा सराव सुरू केला, एकटाच जातो. ताट आता भिंतीवर जात नाही. पण मुलगी अजून तिला त्या सहीवरून टोमणे मारते, आणि ती ऐकून घेते.

परवा ठरवूनच बदनापूरला उतरलो. मुलगी स्वयंपाकघरात होती. बायको ओसरीवर डाळ निवडत होती.

"काही काम होतं का?" तिनं विचारलं.

"न्हाई, सहज."

तिनं सूप माझ्याकडं थोडं सरकवलं. दोघांनी डाळ निवडली. संध्याकाळच्या गाडीनं मी परत आलो. मुलीला बाहेर बोलावून तिच्यासमोर बायकोला म्हणायचं होतं ते एवढंच: तक्ता मी भरला, सही तुझ्याकडून मी करून घेतली, आणि तुला बोलणी बसली तेव्हा गप्प राहिलो. मला माफ कर.