लाइन गेली अन् माझं सोलारबी गेलं

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. डोकं अजून तापलेलं हाय.

छतावर मी हातानं बसवलेलं सोलार तुम्हाला माहीत हाय. आमच्या घाटनांदुरात लाइन गेली की गल्ली मोबाईल चार्ज करायला माझ्याकडं यायची. मागच्या महिन्यात ते सरकारी लाइनीला जोडलं. जळलेल्या मोटारी भरून देणारा माझा दोस्त बंडू म्हणला, "आता इन्व्हर्टर-बॅटऱ्या कावून ठेवतो बे? दे इकडं, मी भंगारात घालतो." मी उचलून दिल्या.

आज लाइन गेली. वर कडक ऊन, अन् घरातला पंखा बंद! वायरमनला फोन लावला. तो म्हणला, "लाइन गेली की सोलारबी बंद पडणारच, न्हाई तर तुझी वीज उलटी तारेत येऊन खांबावरचा माणूस मरंल. बॅटऱ्या ठेवायच्या होत्या. बंडूला ठाव हाय की समदं."

तसाच बंडूच्या दुकानात गेलो. सगळ्या बाजारात लाइन नव्हती, त्याचा पंखा मात्र गरागरा फिरत होता. कोपऱ्यात माझ्या बॅटऱ्या. दसऱ्याला बायकोनं लावलेलं हळदीकुंकू अजून त्यांच्यावर होतं.

"ये, बस. लई गरम होतंय," बंडू म्हणला.

अन् मी बसलो राव, त्याच पंख्याखाली. तुमी काय बोलला असता?