आधी कोणी उचलायचं

लोह्याच्या वाचनालयातला कारकून चष्मा कपाळावर चढवल्याशिवाय बोलायचा नाही. जर्मनीतल्या आनहाल्ट नावाच्या जुन्या संस्थानाचं राजघराणं म्हणजे त्याला शेजारच्या गावची भावकीच. "तीन भावांत राज्य वाटलं, मग त्यांच्या पोरांत. तुकडे लई झाले, पण राजा म्हणवून घेणं कोणी सोडलं न्हाई."

एकदा म्हणाला, "तिकडच्या जुन्या कायद्यात बी आपलीच रीत हाय, सर. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. मग थोरल्याला बेइमानी करता येत न्हाई. तुमच्या शेतात कोणी उचलला आधी?"

"धाकट्यानं," मी म्हणालो.

खरं तर वाटे मीच पाडले होते आणि विहिरीकडचा मीच उचलला होता. धाकटा तेव्हा लातूरला शिकत होता. त्याला मी नंतर कळवलं.

पुढं त्या कारकुनाची धाकट्या भावाशी वाटणी निघाली, तेव्हा त्यानं मला पंच म्हणून बोलावलं. "तुम्ही रीत पाळलेला माणूस." शेतात त्यानं दोन वाटे पाडले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि वाट्यांकडे पाठ करून उभा राहिला. आता बोलायचं काम पंचाचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"उचल बाबा, तू आधी," मी म्हणालो. हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारले, तेही दुसऱ्याच्या भावाला.