विलायतेला निघालेले कंपाउंडर

हैदराबाद संस्थानात त्या काळी निराश माणसांची वानवा नव्हती. पण दरवर्षी एक अर्ज करून, वेळच्या वेळी आणि इतक्या शिस्तीत निराश होणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या वाटूरच्या मिशन दवाखान्याचे कंपाउंडर. बाकीच्या जगाला नोकरी हवी असते, जमीन हवी असते, जावई हवा असतो. कंपाउंडरांना विलायतेला जायचं होतं, आणि तेही शिकायला किंवा कमवायला नव्हे, तर तिथल्या दुखणाईतांची सेवा करायला, बिनपगारी. मी गावचा शाळामास्तर. माझं इंग्रजी मोडकं होतं, पण आसपासच्या गावांत तेवढंही दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, म्हणून ते अर्ज लिहिण्याचं पाप माझ्या माथी आलं. पाप हा शब्द मी विचार करूनच वापरतो आहे.

दवाखाना चालवायची एक मडमबाई. विलायतेतल्या मिशनमार्फत ऐन तरुणपणी ती सेवेसाठी म्हणून इकडे आली आणि गळवं फोडण्यात, डोळे धुण्यात आणि आमच्या बायकांची बाळंतपणं करण्यात तिचे केस पिकले. तिला मराठी शिकवलं कंपाउंडरांनी. त्यामुळे ही गोरीपान बाई पेशंटला "काहून आला न्हाई रे काल? मंग जखम चिघळंल न्हाई तर काय हुईल?" असं दटावायची. डोळे मिटून ऐकलं असतं तर ती आष्टीच्या बाजारात भाजी विकणारी कुणी आक्का आहे असंच वाटलं असतं. एके दिवशी तिला तिकडून पत्र आलं की तुमची आई वारली, आणि शेवटच्या आजारात उशाशी बसायला कुणी नव्हतं. बाईनं पत्राची घडी करून खिशात ठेवली, डोळे पुसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. कंपाउंडर शेजारी मलमपट्टी करत होते. त्यांच्या बायकोच्या मते त्यांचं डोकं फिरलं ते त्या क्षणी.

संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. "मास्तर, एक अर्ज लिवा. मला तिकडं जायाचंय, सेवेला."

"अहो, विलायतेत काय कमी आहे?" मी हसत विचारलं.

"मानसं कमी हायेत," ते म्हणाले. "समदे तर इकडंच धाडून राह्यलेत. शेजारनीनं वाटीभर कालवन धाडलं, तर आपन वाटी कधी रिकामी परत केली का? मंग?"

मी शाईची दौत उघडली. दोन-तीन महिन्यांनी तिकडून एक छापील अर्ज आला, बहुधा कुणा कारकुनाच्या चुकीनं. कोणत्या देशात सेवेला जाण्यास तयार आहात, अशा रकान्यापुढे हिंदुस्थान, चीन, आफ्रिका अशी नावं छापली होती आणि हव्या त्या नावावर खूण करायची होती. त्यात विलायत नव्हती. कंपाउंडरांनी कागद उलटासुलटा करून पाहिला, त्यांना वाटलं छापणाऱ्याकडून राहून गेली असेल. मग त्यांच्या आग्रहावरून मी ती शाईनं शेवटी लिहिली आणि पुढे खूण केली. धर्माच्या रकान्यात त्यांनी मला लिहायला लावलं, "शनिवारी मारुतीला तेल घालतो, रविवारी बाईच्या प्रार्थनेला पेटी वाजवतो, दोन्हीत आजवर खाडा नाही."

तयारी मात्र त्यांनी अशी चालवली की जणू बोट परतूरच्या स्टेशनातूनच सुटणार आहे. मिशनच्या जुन्या कपड्यांच्या पेटाऱ्यात एक जाड लोकरी कोट आला होता. तो घालून ते भर वैशाखात काढे ढवळत बसत, अंगाला सवय व्हावी म्हणून. पेशंट घाबरत, कंपाउंडरलाच हिवताप झालाय म्हणून परत जायला निघत. जेवणातलं तिखट त्यांनी बंद केलं. उकडलेला बटाटा काट्यानं खायचा सराव ते अंगणात सगळ्यांदेखत करत, आणि बटाटा उडून कोंबड्यांत पडला की शांतपणे दुसरा घेत. "विलायतेला जाया निघालेत," त्यांची बायको विहिरीवर सांगायची, "अजून परतूरच्या पल्याड गेले न्हाईत. पर कोंबड्या तेवढ्या माजल्या." मडमबाई हसत नसे. त्यांच्या बटाट्यावर मीठ घालायची आणि म्हणायची, "मीठ तिकडं बी खातेत, कंपाउंडर."

तिकडून उत्तर यायचं ते दरवर्षी एकच. आपल्या भावनेचा आदर आहे, परंतु आमच्याकडे प्रशिक्षित माणसं पुरेशी आहेत, आपण पुन्हा अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. कंपाउंडर कोट घालून माझ्यासमोर बसलेले असायचे. औषधांच्या बाटल्यांवरची नावं लावून लावून इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता यायची, पण अर्थ माझ्या तोंडून ऐकायचा असे. मी पहिल्या वर्षी कागदाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणालो, "ते म्हणतात, पुढच्या वर्षी बघू." एवढंच. त्या एका वाक्यावर त्या माणसानं पुढची कितीतरी वर्षं काढली. लढाई लागली, तिकडे बाँब पडताहेत असं ऐकलं, तर त्या वर्षी त्यांनी दोन अर्ज केले. मला वाटायचं, आपण दया करतो आहोत. खरं म्हणजे खरं सांगायची छाती माझ्यात नव्हती.

लढाई संपल्यावर वर्षभरात मडमबाईला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि नवल म्हणजे तिचं इंग्रजीही गेलं. राहिलं फक्त मराठी, तेही तुटक. तिला घरी न्यायला मिशनचे एक साहेब आले. ती त्यांना म्हणाली, "माझा चष्मा कुटं ठिवलाय?" साहेब बावचळून बायबल उघडू लागले, आणि कंपाउंडरांनी उशाखालून चष्मा काढून तिच्या डोळ्यांवर ठेवला.

त्याच दिवशी ते माझ्याकडे धावत आले. या खेपेला कोट नव्हता. "मास्तर, जल्दी लिवा. मला बाईसंगं धाडा म्हनावं. बिलकुल काही नको, बोटीत खाली बसून जाईन. आन् एक बराबर इचारा त्यायला, तिथल्या सिस्टरला मराठी येतं का?"

अर्ज मी लिहिला, साहेबांच्या हातात दिला. पण ते शेवटचं वाक्य लिहिलं नाही. तुमच्याच बाईला तुमची भाषा कळत नाही, असं साहेबलोकांना कसं लिहायचं? हसतील, उद्धटपणा समजतील, असं मला वाटलं. साहेबांनी अर्ज वाचला, कंपाउंडरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की तिकडे उत्तम परिचारिका आहेत. परतूरच्या स्टेशनावर बाईला डब्यात चढवलं ते कंपाउंडरांनीच, दोन्ही हातांवर उचलून. गाडी हलल्यावर ते डब्याबरोबर चालत राहिले, फलाट संपेपर्यंत.

चारेक महिन्यांनी तिकडच्या एका सिस्टरचं पत्र आलं. बाई गेल्या होत्या. सिस्टरनं फार आपुलकीनं लिहिलं होतं. आम्ही त्यांच्या खोलीत फुलं ठेवत होतो, प्रार्थना म्हणत होतो. मी ते सगळं वाचून दाखवलं. पुढे एक ओळ होती, ती मी गाळून पुढे गेलो. पण कंपाउंडर माझ्या खांद्यावरून पाहत होते. त्यांनी बोट ठेवलं आणि बाटलीवरचं नाव लावावं तसं एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "कू-स ब-द-ला वो."

सिस्टरनं पुढे विचारलं होतं की त्या शेवटी दिवसभर हेच म्हणत, हे कुणा जिवलगाचं नाव असेल तर कृपया त्यांना कळवावं.

कंपाउंडरांचं बोट त्या ओळीवरच होतं. मग त्यांनी विचारलं, "किती दीस म्हनत व्हत्या?"

आजवर मी त्यांना एकही पत्र खरं वाचून दाखवलं नव्हतं. "एखादा दिवस" असं ओठांवर आलंही होतं. पण कागदावर अकरा दिवस लिहिलं होतं, आणि मी अकरा दिवस म्हणालो.

ते उठले आणि दवाखान्यात गेले. मी मागोमाग गेलो, पण दारातच थांबलो. आत खाटांवर तीन पेशंट पडले होते. कंपाउंडरांनी एकेकाच्या पाठीखाली हात घालून, हळूच, तिघांचीही कूस बदलली. तिसऱ्याला नुसती खरूज झाली होती, चांगला धडधाकट गडी होता तो. त्यानं एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं कुशीवर झाला.