आठ दिवसांचा चारा

आबा होळीच्या आधी गेले. लोक म्हणतात वय झालं होतं, फुप्फुसं कमकुवत होती. असतील. मला जे माहीत आहे ते मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

माझ्या वडिलांना गळाने मासे धरायचं वेड होतं. आमच्या गावाबाहेर पाझर तलाव आहे, त्यात रोहू आणि सायप्रिनस हे मासे. दसरा उलटला की आबांचा मुक्काम तिथेच. आई गेल्यापासून घरात त्यांचं मन लागत नव्हतं. मी नरडाण्याला कारखान्यात, बहीण धुळ्याला दिलेली. त्यांच्यासाठी उरला तो तलाव.

त्यांची एक पद्धत होती. बांधाजवळची एक जागा धरायची आणि तिथे रोज सकाळी, एकाच वेळेला, मूठभर चारा टाकायचा. महिनाभर गळ काढायचाच नाही, नुसतं चारत राहायचं. मासे हळूहळू त्या वेळेला तिथे यायला लागतात, आणि मग थंडीत, जेव्हा बाकीच्यांना दिवसभर बसून काही मिळत नाही, तेव्हा आबांचा गळ टाकला की ओढला जायचा. "थोडा टाकजो, पन रोज टाकजो. थंडीमां मासा कमी खास," थंडीत मासा कमी खातो म्हणून थोडाच पण रोज, हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की कान किटले होते.

चारा ते घरीच करत. भाजलेल्या मक्याचा भरडा, शेंगदाण्याची ढेप म्हणजे पेंड, काळं पडलेलं केळं, भाजून कुटलेली मेथी. मोजमाप काही नाही. मळून झालं की गोळा नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि काय कमी आहे ते सांगायचे. मी एकदा हौसेने ऑनलाइन तयार चाऱ्याचं पाकीट मागवलं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं. आबांनी हुंगलं आणि माझ्याकडे बघत राहिले. "मासाले आइस्क्रीम चारस का रे भाऊ?" ते मला भाऊच म्हणत. पाकीट शेजारच्या कोंबड्यांपुढे ओतलं. कोंबड्यांनीही तोंड लावलं नाही, हे पुढे आठवडाभर जो भेटेल त्याला सांगत होते.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना न्यूमोनिया झाला आणि धुळ्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तोवर चारायला सुरुवात करून दहा-बारा दिवस झाले होते. गाडीत बसताना धाप लागलेली, तरी माझं मनगट धरून म्हणाले, "चारा तोडू नको. एक दिवस बी नही."

बहीण त्यांच्याजवळ राहिली. तिचा रोज फोन यायचा. जेवत नाहीत, गोळ्या थुंकून टाकतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. फक्त तलावाचं बोललं की दोन घास घेतात. "मी बरा होऊन तिथं बसणार आहे" एवढंच म्हणतात. डॉक्टरांनीही तिला सांगितलं, यांनी मनावर घेतलं तरच हे उठतील. म्हणजे सगळं त्या तलावावर येऊन थांबलं होतं. मला हे चांगलं कळत होतं, म्हणूनच तर पुढचं सांगताना लाज वाटते.

माझी दुसरी पाळी होती. सकाळ मोकळी. म्हणजे कारण सांगायलाही जागा नाही. पहिले पाच-सहा दिवस नरडाण्याहून मोटारसायकलवर गेलो. चौदा किलोमीटर, हाताची बोटं बधिर, नाकाचा शेंडा जाग्यावर आहे की नाही कळायचं नाही. मग एके सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मला अक्कल सुचली. रोज मूठभर कशाला? आठ दिवसांचा एकदम टाकून येऊ. खातील सावकाश, कुठे जाणार आहेत!

गावातलं शेंबडं पोरही सांगेल की असं करू नये. मी त्या पाण्याच्या काठावर वाढलेला माणूस. तरी मुठी न मोजता भरडा-ढेपेची अर्धी गोणी ओतली. आठ दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. फोनवर आबांचा बारीक आवाज यायचा, "चारा टाका का रे?" मी म्हणायचो, "टाकला, आबा." आणि पलीकडून बहीण आनंदाने सांगायची की आज अर्धी भाकरी खाल्ली.

ते खरंच उठले. पौषात घरी आणलं. अंगावर मांस उरलं नव्हतं, आणि तापात नाक गेलं होतं. चहाचा, उदबत्तीचा, कशाचाच वास येईना. तरी दुसऱ्याच दिवशी चारा मळायला बसले. गोळा नाकाशी धरला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसले. मग काय कमी आहे ते न सांगताच फडक्यात बांधला.

तलावावर मी त्यांना खुर्चीत बसवलं, शाल गुंडाळली. गळ टाकला, दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा पाण्यावर सोडला. एक तास गेला, दोन गेले. तुकडा जागचा हलला नाही. आबा आधी हसत होते, मग गोळा लहान केला, मोठा केला, गळ थोडा पुढे टाकला. काही नाही. साडेअकराला म्हणाले, काढ.

मी दोरी ओढली. गळ तळाला लागला होता, त्याला काळा चिकट गाळ आला, आणि आंबलेला, कुजका भपकारा आला. माझ्या तीन खेपांचा चारा खाली तसाच सडत पडला होता. तिथे मासा येणार कसा? मी पटकन गळ पाण्यात खळबळून धुतला.

आबांनी ते पाहिलं नाही. ते हातातल्या गोळ्याकडे बघत होते. "माले वास येत नही आता," ते म्हणाले. "पीठ मीच बिघाडं व्हई." आणि गोळा माझ्यापुढे धरला. "तू पाहा बरं. आंबट येस का?"

मी हुंगलं. गोळा एकदम चांगला होता. ताजा, जसा त्यांचा नेहमी असायचा तसाच. तसं म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग मासा का नाही? आणि मग पुन्हा गळ तळाला घालून बघितला असता.

"हो आबा," मी म्हटलं. "थोडा आंबट येतोय."

त्यांनी मान हलवली. तो गोळा, त्यांच्या हातचा शेवटचा, पाण्यात सोडला, हात धुतले, धोतराला पुसले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "इतली थंडीमां तू रोज तलाववर उना, भाऊ. मी सगळं वाया घालं."

मी खाली मान घालून दोरी गुंडाळत राहिलो.