कोरडा कंदील

माझ्या बायकोला हे ठाऊक नव्हतं. ती गेली, मी सांगायचा राहिलो. पोरींनाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगून राहिलो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर तोंडच उघडलं नसतं, एवढा काही मी शूर नाही.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. जर्मनची लढाई चालू होती. लोह्याहून तीन कोसांवरच्या एका गावात मी मास्तर होतो. तनखा दोन-दोन महिने यायचा नाही. घरात आम्ही दोघं, दोन पोरी आणि दम्यानं बेजार झालेला बाप. मास्तरकीला इज्जत लई, पण इज्जत काही चुलीवर शिजत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुसरं काम धरलं — लेव्हीचं. सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीनं धान्य घेत होतं. गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, गावोगाव फिरून ते उचलायचा, आणि गाव ओळखणारा, उर्दू लिहिणारा माणूस त्याला सोबत लागायचा. तो मी. लोक माझ्याशी बोलेनासे झाले. नका बोलू, म्हटलं. त्यांच्या बोलण्यावर माझं घर चालत होतं का?

आमच्याकडं जवारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, तोंडावर शिळा, शिळेवर माती लिंपलेली. वर्षभर बंद पेवात हवा कोंडून मरते. माणूस आत गेला की श्वास घेता घेता पडतो. म्हणून शिळा काढली की दिवसभर तोंड उघडं टाकायचं, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. गिरदावर काही दिवसभर थांबायचा नाही. म्हणजे सगळी भिस्त कंदिलावर. आणि कंदील सोडायचं काम माझ्याकडं.

त्यासाठी मला सरकारी घासलेट मिळायचं, बाटलीभर. बाजारात तेव्हा घासलेट औषधालाही नव्हतं. ती बाटली मी घरी नेली.

झालं, निघालं एकदाचं तोंडातून. पण हे काहीच नाही — थांबा.

आता इथं मी म्हणू शकतो, की पोरगी तापानं फणफणली होती, बायको बाळंतीण होती. तुम्हीही विरघळाल. तसलं काही नव्हतं. अंधारात जेवायचा कंटाळा आला होता, बस्स. भाकरीत केस आहे का खडा, तेही दिसत नाही, म्हणून बायको रोज कुरकुरायची. मी घासलेट घरच्या चिमणीत ओतलं आणि आम्ही उजेडात जेवलो. पोरी भिंतीवर सावल्या करून हसत बसल्या. बरं वाटलं मला. लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाटलाच्या परसातलं पेव उघडलं. गिरदावर लिंबाखाली जेवायला बसला, माणसं पाणी प्यायला आडाकडं गेली. पेवापाशी मी एकटा, हातात कोरडा कंदील. गावात पेवात उतरायचं काम मारोतीचं. तो दोर आणि टोपली घेऊन आला. दोर कमरेला बांधला, काठावर बसून पाय आत सोडले, आणि मला विचारलं,

"कंदील सोडून बघितला न्हवं, मास्तर?"

काय अवघड होतं? घासलेट संपलं, एवढंच म्हणायचं. गिरदावरानं शिव्या घातल्या असत्या, फार तर काम गेलं असतं. मी विचार करायला किती वेळ घेतला, सांगू? काहीच नाही.

"हाव," म्हणालो. "उतर."

तो उतरला. टोपली काही वर येईना. हाक मारली, ओ नाही. तोवर माणसं परतली होती. सगळ्यांनी मिळून दोर ओढला. मारोती वर आला तेव्हा त्याच्या तोंडाला जवारी चिकटलेली होती, आणि जीव गेलेला होता.

गिरदावर उष्ट्या हातानं धावत आला. कंदील बघितला होता का, त्यानं विचारलं. बघितला होता, म्हणालो. मग माणूस मेला कसा? सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते — आणि मी म्हणालो, शिंदी पिऊन आला होता, वास येत होता, भोवळ येऊन पालथा पडला असेल.

मारोती कधी शिंदीला शिवला नव्हता. साऱ्या गावाला माहीत होतं. पण मास्तर खोटं कशाला बोलेल? गिरदावरालाही तेच सोयीचं पडलं. पंचनामा उर्दूत झाला. लिहिला कुणी? मीच. अक्षर चांगलं आलं होतं.

त्याची बायको, गंगाबाई, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. खाली वाकून तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला — मी बघितलं. मग माझ्याकडं मान वर करून म्हणाली,

"मला तर कायबी वास येईना, मास्तर. पर तुमी म्हंता म्हंजी आसंल."

तेव्हा तरी बोलायचं की नाही? कंदील उचलला आणि घरी आलो.

पुढं निजाम गेला, लेव्ही गेली. मी त्याच शाळेत राहिलो. गंगाबाईचं घर शाळेच्या वाटेवरच. कितीतरी वर्षांनी एका सकाळी तिचा थोरला, चांगला बाप्या झालेला, पिऊन दारात बसला होता. ती कपाळ बडवून सांगत होती, की बापाच्या वळणावर गेलास, तोही असाच पिऊन मेला. तो म्हणाला, माझा बाप पीत नव्हता, गावातली म्हातारी माणसं सांगतात. तेवढ्यात तिला मी दिसलो.

"इचार मास्तरला," ती म्हणाली. "त्ये व्हते तितं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली — हाव म्हणून. आणि शाळेत गेलो.