बाभळीच्या बुडाशी

आमच्या घरात कुठलीही वस्तू आधी उघडली जाते, मग वापरली जाते. मिक्सर आणला, की पहिल्या दिवशी चटणी होत नाही, त्याचे स्क्रू बशीत मांडून ठेवलेले असतात. आमचे हे, म्हणजे नवनाथराव, ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीभर फिटर होते. एक नट ढिला राहिला तर विमानाचं काय होतं, हे त्यांनी मला लग्न झाल्या झाल्या समजावलं होतं. मिक्सर उडत नाही, हे मी त्यांना अजून पटवू शकलेले नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांना गिरणाऱ्याच्या पुढची शेती आठवली. सासरे गेल्यापासून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. घाणेरी डोक्याच्या वर गेलेली, बाभळींनी वाट बुजवलेली. बांधावर सासूबाईंनी लावलेला आंबा तेवढा लांबून दिसायचा. त्या आंब्याखाली दोन खोल्या बांधून राहायचं, हे यांचं स्वप्न. आणि शेजारच्या खंडेरावांनी बांध कोरून कोरून आंबा आपल्यात ओढलाय, ही यांची खात्री. म्हणून यांनी सरकारी मोजणी मागवली. मोजणीवाले साहेब आले आणि रान बघून रस्त्यावरूनच माघारी फिरले. "कोपऱ्याचा दगड दिसल्याशिवाय मोजू कुठून? साफ करून ठेवा, मग बोलवा," म्हणाले.

झालं. साफ करायचं तर मशीन हवं, आणि मशीन निवडणार हे.

पहिला आणला झुडपं कापायचा टू स्ट्रोक ब्रश कटर. पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं ते यांनी औषधाच्या सिरिंजने मोजून घातलं. त्याला नायलॉनची दोरी होती. गवताला ती ठीक, घाणेरीच्या खोडाला नुसत्या गुदगुल्या. मग लोखंडी पातं लावलं. पातं थरथरतं म्हणून दुकानदाराशी वाद घालून बदलून आणलं. मग फोर स्ट्रोक, पाठीला अडकवायचा, त्याने यांची कंबर धरली. भाड्याने आणलेला, तण उपटायचा पॉवर वीडर मुळांत असा रुतला की खंडेराव ट्रॅक्टर घेऊन ओढायला आले. यांनी त्यांना नको म्हटलं आणि दिवसभर कुदळीने खणत बसले.

मी म्हटलं, "अहो, जेसीबी लावा एकदाचा."

"लता, तो दगडासकट उपटून नेईल. मग मोजणार काय?"

हे खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मजूर लावावेत, तर टोमॅटोचा हंगाम, सगळी माणसं तोडणीला. वर खंडेराव दिसले की विचारायचे, "भाऊ, मोजणी कधी? उरका की लवकर." ते गेले की हे दात खायचे. "बघ, कसा साळसूदपणाचा आव आणतोय."

साहेबांनी पुन्हा तारीख दिली. त्या सकाळी आम्ही शेतावर पोचलो. ब्रश कटर सुरू झाला आणि यांना त्याचा आवाज आवडला नाही. लगेच वर्तमानपत्र अंथरलं, कार्बोरेटर उघडला. साहेब कुठल्याही क्षणी येणार, आणि माझा नवरा मांडी घालून त्यातल्या जेटच्या बारीक भोकात फुंकर मारतोय. माझं डोकं फिरलं. मी पदर खोचला, कोयता उचलला आणि आंब्याच्या पलीकडच्या अंगाला, खंडेरावांच्या टोमॅटोला लागून असलेल्या घाणेरीत शिरले.

खंडेराव हात मागे बांधून बघत उभे होते. "वहिनी, तिथं नाय दगड. अलीकडं या, तुमच्या रानात. त्या बाभळीच्या बुडाशी बघा."

"तुम्हाला काय माहीत?" मी फटकन विचारलं.

"पोर होतो तवा त्याच्यावर बसायचो."

बाभळीच्या बुडाशी दगड होता. साहेब आले, त्यांनी यंत्र लावलं, नकाशा पाहिला आणि मान डोलावली. आंबा, आंब्याखालची जागा, आमच्या मनातल्या दोन्ही खोल्या, सगळं खंडेरावांच्या हद्दीत होतं. बांध कोरला होता तो माझ्या सासऱ्यांनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यांनी खंडेरावांना विचारलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"आमचे आबा बोलले व्हते, तर तुमचे वडील काठी घेऊन आलते," खंडेराव चिडून म्हणाले. "अन् मी बोललो असतो तर तुम्ही ऐकलं असतं? आंबे तर तुम्ही कधी उतरवलेच नाय. आम्हीच खातो. लय गोड हायेत."

यांनी वर्तमानपत्राशी जाऊन मशीन जोडलं आणि ते सुरू करायची दोरी ओढली. आवाज सकाळसारखाच खडखडत होता, पण यांनी कान दिला नाही. सरळ आंब्यापाशी गेले आणि घाणेरी कापायला लागले. उन्हं कलेपर्यंत आंब्याचं बूड मोकळं झालं, दगडापर्यंतचा पट्टाही झाला.

"अहो, ती जागा त्यांची आहे," मी ओरडले.

यांनी मशीन बंद केलं. "जागा त्यांची आहे," म्हणाले. "रान आपण माजवलंय." आणि पुन्हा दोरी ओढली.

आमच्या हद्दीतली घाणेरी अजून तशीच उभी आहे. मशीन घरी आहे, वर्तमानपत्रावर. आवाज बरोबर नाही म्हणे.